टॅग लावलेला मासा गळाला लागला, तर या चुका टाळा

दर वसंतात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात अंडी घालून बाहेर पडलेले मोठे स्ट्राइपर (अंगावर पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास हा मासा) न्यू जर्सीच्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकू लागतात, आणि त्याच सुमारास गळ टाकणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक ठरलेला फोटो येतो. माशाच्या पोटाखाली एक बारीक गुलाबी नळी लोंबत असते आणि फोटोखाली प्रश्न असतो की हे काय आहे. कोणी जाणकार उत्तर देईपर्यंत मासा एकतर साफ करून झालेला असतो किंवा पाण्यात परतलेला असतो, आणि नळीवरचा क्रमांक कोणीही लिहून घेतलेला नसतो. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्या मोसमात त्या एका माशाविषयी शास्त्रज्ञांना जे कळू शकले असते, ते कळण्याची वाट तिथेच बंद होते.

ती गुलाबी नळी म्हणजे अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याचा टॅग, म्हणजे मासा ओळखण्यासाठी लावलेली क्रमांकाची खूण. या टॅगचे काम मेरीलँडमधल्या ॲनापोलिस येथील कार्यालयातून चालते आणि 1980च्या दशकाच्या मध्यापासून आजवर पाच लाखांहून अधिक स्ट्राइपरना असे टॅग लावले गेले आहेत. हे काम सुरू झाले तो काळ या माशासाठी फार वाईट होता. मेरीलँडने 1985 पासून 1990 पर्यंत या माशाच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली होती. मासे पुन्हा वाढले, पण पुढे परत घटले, आणि 2023 मध्ये समुद्रात हौशी मच्छीमारांना फक्त 28 ते 31 इंचांमधलाच मासा ठेवता येईल असा नियम करावा लागला. असे नियम ठरवताना दरवर्षी किती मासे जगतात आणि किती मासेमारीत जातात याचा अंदाज लागतो, आणि त्या अंदाजाचा एक मोठा आधार म्हणजे तुम्ही-आम्ही कळवलेले टॅग. समजा, टॅग लावलेल्या 1000 माशांपैकी 100 पकडले गेले आणि त्यांतले 50च कळवले गेले, तर मासेमारीचा भार प्रत्यक्षाच्या निम्मा दिसेल. ही तूट मोजण्यासाठी मोठ्या बक्षिसाचे काही टॅग मुद्दाम सोडले जातात, कारण ते जवळजवळ सगळेच परत येतील असे धरता येते आणि साध्या टॅगांची त्यांच्याशी तुलना करता येते. न कळवलेल्या टॅगांची उणीव अशी काही अंशी भरून निघते. चुकीच्या कळवलेल्या नोंदीची मात्र अशी भरपाई होत नाही, म्हणून खाली प्रामुख्याने चुकीच्या नोंदींविषयीच लिहिले आहे.

तारीख आपल्या सवयीने लिहिणे

ही चूक विशेषकरून आपल्या लोकांची आहे आणि ती इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो, तर अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. वीस वर्षे इथे राहिलेला माणूससुद्धा किनाऱ्यावर ओल्या हाताने घाईत लिहू लागला की लहानपणच्या सवयीवर जातो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना जूनच्या आरंभी न्यू जर्सीतल्या सँडी हूकच्या किनाऱ्यावरून टॅग असलेला एक उत्तम स्ट्राइपर मिळाला. त्यांनी मासा ठेवला, टॅग नीट कापून घेतला, क्रमांक दोनदा तपासला आणि त्याच रात्री नोंद पाठवली. तारीख लिहिली 3/6. वाचणाऱ्याने ती 6 मार्च अशी वाचली. तो मासा त्याच वर्षी एप्रिलमध्ये टॅग लावून सोडलेला होता, त्यामुळे नोंदीप्रमाणे तो सोडण्याआधीच पकडला गेला होता. या विसंगतीमुळे त्यांना फोन आला. अनोळखी क्रमांक म्हणून त्यांनी तो उचलला नाही, पुढचाही उचलला नाही, आणि बरेच दिवसांनी टपालाने पत्र आले तेव्हा त्यांनी फोन करून खुलासा केला. तोवर कोणाचा तरी कितीतरी वेळ एका आकड्यामागे गेला होता.

यातला खरा धोका वेगळाच आहे. तो मासा आदल्या वर्षी सोडलेला असता, तर 6 मार्च ही तारीख कोणालाही खटकली नसती. मार्चमध्ये रॅरिटन उपसागराचे उथळ पाणी लवकर तापते आणि तिथे स्ट्राइपर मिळतातच, त्यामुळे सँडी हूकजवळचा मार्चमधला मासा कागदावर अगदी संभाव्य दिसला असता. जूनमधला उत्तरेकडे निघालेला प्रवासी मासा मार्चमध्ये तिथेच मुक्कामाला असलेला मासा म्हणून नोंदला गेला असता आणि ती चूक कायमची राहिली असती. म्हणून मी महिना नेहमी अक्षरांत लिहितो, आणि नोंद पाठवल्यावर काही आठवडे अनोळखी क्रमांकाचे फोन उचलतो. ज्यांना हे जाच वाटते त्यांनी निदान निरोप ऐकून उलट फोन करावा.

तारखेच्याच ओघात आणखी एक सांगायला हवे. 'मोसम संपला की सगळे टॅग एकदम पाठवीन' असे म्हणणारे लोक सज्जन असतात, पण त्यांच्या खणात पडलेल्या तीन टॅगांपैकी कोणता कधीचा, हे त्यांनाही सांगता येत नाही. टॅगचा क्रमांक टिकतो, तुमची आठवण टिकत नाही. माझी सवय अशी आहे की मासा हातात असतानाच टॅगसह त्याचा एक फोटो काढायचा, कारण फोनमध्ये वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते. मात्र तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून पडते, म्हणून मूळ फोटो आपल्या फोनमध्ये ठेवावा.

जागा लपवणे किंवा सैल सांगणे

गळ टाकणाऱ्या माणसाला आपली जागा सांगायला जिवावर येते, हे मला समजते. चांगली जागा शोधायला वर्षे जातात आणि एका रविवारी ती जाहीर झाली की पुढच्या रविवारी तिथे उभे राहायला जागा उरत नाही. पण टॅगची नोंद करताना जागा लपवणारे किंवा मुद्दाम दुसरीच सांगणारे लोक पाहिले की माझा संयम सुटतो. एकाने मला अभिमानाने सांगितले होते की त्याने मासा पकडलेल्या खाडीऐवजी शेजारच्या खाडीचे नाव दिले आणि 'त्यांना काय फरक पडतो' असेही वर म्हणाला. फरक पडतो. मे महिन्यात हडसन नदीच्या पात्रात आत पकडलेला मोठा मासा तिथे अंडी घालायला आलेला असण्याचा संभव असतो, आणि हडसनच्या मुखाबाहेर समुद्रात पकडलेला मासा केवळ वाटेवरचा असू शकतो. चेसापीक, डेलावेअर आणि हडसन या तिन्ही ठिकाणी जन्मलेले मासे उन्हाळ्यात एकाच किनाऱ्यावर मिसळतात. कोणता मासा कुठला, हे वेगळे काढायचे तर पकडल्याची जागा खरी असावी लागते.

मुद्दाम खोटे सांगणारे थोडे असतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक जिथून होडी पाण्यात सोडली त्या धक्क्याचे नाव लिहितात. होडी धक्क्यावरून निघून बराच वेळ गेलेली असते, मासा उपसागराच्या दुसऱ्या टोकाला किंवा बाहेर समुद्रात लागलेला असतो, आणि नोंदीत मात्र धक्का येतो. यावर माझा उपाय साधा आहे: पाण्यावर असतानाच फोनच्या नकाशावर खूण करायची. ते जमले नाही तर जवळचे दीपगृह, पूल किंवा भूशिर, त्यापासूनचे अंदाजे अंतर, आणि पाणी नदीचे, उपसागराचे की खुल्या समुद्राचे, एवढे तरी स्पष्ट लिहायचे. नुसते 'न्यू जर्सी' लिहू नये. संशोधकांना तुमचा खडक नको असतो, भाग हवा असतो, आणि तो खरा सांगितल्याने कोणाची जागा गेल्याचे मी ऐकलेले नाही.

'सोडून दिला, मग कळवायचे कशाला?'

स्ट्राइपर पकडणारे बहुतेक लोक बहुतेक मासे सोडून देतात, त्यामुळे हा गैरसमज फार महाग पडतो. सोडलेल्या माशाची नोंदही ठेवलेल्या माशाइतकीच हवी असते, फक्त त्यात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: मासा ठेवला की सोडला, आणि टॅग काढला की माशावरच राहू दिला. टॅग कापून मासा जिवंत सोडला, तर त्यानंतर तो टॅग पुन्हा कधीच सापडणार नाही, पण मासा जगत राहील. ही गोष्ट कळवली नाही तर हिशेबात तो मासा मेल्यासारखा धरला जाण्याचा धोका असतो. टॅग कापायचा की ठेवायचा, याबाबत प्रत्येक कार्यक्रमाची सूचना वेगळी असते. ती हंगामाच्या आधी घरी बसून वाचावी, तडफडणारा मासा हातात धरून नव्हे.

टॅग ओढून काढू नये. स्ट्राइपरच्या पोटातून बाहेर लोंबणाऱ्या नळीचा आतला भाग म्हणजे पोटाच्या पोकळीत बसवलेली एक चकती असते, आणि नळी हिसडली की ती चकती आतून मांस फाडते. कापायचाच असेल तर कातरीने कातडीलगत कापावा. मी डोर कापायची छोटी कातरी गळ्यात अडकवूनच ठेवतो. पक्कड घेऊन टॅग उपटणारे नवशिके पाहिले की त्यांना थांबवल्याशिवाय मला राहवत नाही.

नळीवर बहुधा शेवाळ चढलेले असते. ते नखाने खरवडले तर छापील आकडेही निघतात. ओल्या बोटाने हलके पुसावे, आकडा वाचावा, दुसऱ्याला वाचायला द्यावा आणि मग लिहावा. 3 आणि 8, 1 आणि 7 यांत नेहमी घोटाळा होतो. मासा ठेवला असेल आणि नळी वाचता येत नसेल, तर साफ करताना पोटातली चकती टाकून देऊ नये, कारण काही टॅगांच्या चकतीवरही क्रमांक असतो. काही वेळा एकाच माशाला दोन टॅग लावलेले असतात, म्हणजे किती टॅग आपोआप गळून पडतात हे मोजता येते. म्हणून एक सापडला तरी दुसरी बाजू पाहावी आणि दुसरा नसला तर तसे लिहावे.

लांबी कशी मोजली ते सांगावे. स्ट्राइपरचे नियम तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतच्या पूर्ण लांबीवर बेतलेले आहेत, तर शार्कच्या टॅग कार्यक्रमात शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी चालते. अंदाजाने लिहिले असेल तर 'अंदाजे' हा शब्द जरूर लिहावा. टॅग असला तरी मासा ठेवण्याची विशेष परवानगी मिळत नाही, आकार आणि हंगामाचे नियम त्यालाही लागू असतात.

भाड्याच्या मोठ्या होडीवर सगळ्यांना वाटते की कप्तान कळवेल, आणि कप्तानाला वाटते की मासा पकडणारा कळवेल. होडीवरून उतरण्याआधी कोण कळवणार हे नाव घेऊन ठरवावे. दोघांनी कळवले तरी क्रमांक एकच असल्याने ते लक्षात येते.

जुना टॅग निरुपयोगी असतो, असे समजू नये. शार्कला टॅग लावण्याचा हौशी मच्छीमारांच्या मदतीचा कार्यक्रम 1962 पासून चालू आहे आणि त्यात एक सँडबार शार्क टॅग लावल्यानंतर 27 वर्षांहून अधिक काळाने परत सापडला. अशा एका नोंदीने त्या जातीच्या आयुर्मानाविषयी जे कळते, ते दुसऱ्या मार्गाने कळायला फार कष्ट पडतात.

पहिल्याच वर्षी स्वतः टॅग लावायची घाई

मासे पकडून टॅग कळवायला शिकण्याआधीच काही उत्साही लोकांना स्वतः टॅग लावायचे असतात. सँडी हूक येथील अमेरिकन लिटोरल सोसायटी 1965 पासून सभासदांकडून हे काम करून घेते आणि ते फार मोलाचे आहे. परंतु टॅग लावणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यानंतर सोडलेल्या माशाच्या माहितीचे कार्ड भरून पाठवणे हेच खरे काम आहे. कार्ड न पाठवता सोडलेला टॅग काही महिन्यांनी मॅसॅच्युसेट्समधला कोणी प्रामाणिक माणूस कळवतो, आणि तो मासा कुठे, कधी, किती लांबीचा असताना सोडला याची कुठेही नोंद नसते. त्या माणसाचे श्रम फुकट जातात, माशाला उगाच जखम झालेली असते. त्यामुळे ज्यांच्या पिशवीत न पाठवलेली कार्डे साचली आहेत, त्यांनी ती पोचती होईपर्यंत नवे टॅग हातात घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. निदान एक हंगाम फक्त पकडलेले टॅग नीट कळवावेत, माशाला पाण्याबाहेर कमीत कमी वेळ कसे ठेवायचे हे हाताला बसू द्यावे, आणि मग टॅग लावायची सुई घ्यावी. दमलेल्या किंवा गळ खोल गिळलेल्या माशाला टॅग लावूच नये. तो मेला तर त्याचा टॅग परत येणार नाही, आणि पुढच्या सगळ्या हिशेबात तो विनाकारण मासेमारीच्या किंवा निसर्गाच्या नावावर चढेल.

नोंद पाठवल्यावर उत्तराला वेळ लागतो. मासा कुठे आणि केव्हा सोडला गेला, याची माहिती शेवटी तुम्हाला मिळते. दुसऱ्या दिवसापासून विचारणा करणाऱ्यांनी थोडे थांबावे, आणि तोपर्यंत कापलेला टॅग फेकून न देता क्रमांक लिहिलेल्या पाकिटात जपून ठेवावा, कारण पडताळणीसाठी किंवा बक्षिसासाठी तो मागितला जाऊ शकतो.