शोगुन २: दाइम्योचं घोडदळ कसं वापरावं

टोटल वॉर: शोगुन २ या जपानी लढायांच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवा खेळाडू बहुतेक वेळा एकाच पद्धतीने हरतो. सैन्यात सगळ्यात देखणी तुकडी असते दाइम्योची, म्हणजे कुळाचा सरदार आणि त्याचे घोडेस्वार अंगरक्षक. चिलखतं भारी, घोडे भारी. मग तीच आधी शत्रूवर सोडली जाते. समोर स्वस्तातले यारी अशिगारू, म्हणजे साधे भालेवाले पायदळ, भाले रोखून उभे असतात. घोडे भाल्यांवर आदळतात, सरदार पडतो, आणि तोवर धड लढणारी मागची फळीही पळत सुटते.

ही तुकडी मारायला कमी आणि धीर द्यायला जास्त आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. खेळातल्या प्रत्येक तुकडीला मनोधैर्य असतं. बगलेवर हल्ला झाला, शेजारची तुकडी पळाली, माणसं भराभर पडली की ते घसरतं. सरदार जवळ असला की सावरतं. सरदार मेला की सगळ्या सैन्याचं एकदम कोसळतं. इतिहासातही हेच घडलेलं आहे. १५६० साली जपानात ओकेहाझामाच्या लढाईत दाइम्यो इमागावा योशिमोतो आपल्याच तळावर मारला गेला आणि ओदा नोबुनागाच्या सैन्यापेक्षा कितीतरी मोठी त्याची फौज जागच्या जागी फुटली. पुण्याच्या वाचकाला तर हे समजावून सांगायलाच नको. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी दिसताच पानिपतावर आपल्या फौजेचा धीर सुटला.

आधी एक सेटिंग. जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतो म्हणून अनेक जण तुकड्यांचा आकार कमी करतात. पुण्यातल्या हॉस्टेलांवर तर हे सर्रास चालतं. असं करू नका. आकार कमी केला की अंगरक्षकांची संख्याही त्याच प्रमाणात घटते, आणि मूठभर स्वारांमधला सरदार दोन-चार बाणांच्या फैरींत जातो. त्यापेक्षा सावल्या, गवत आणि पाण्याचं डिटेल कमी करा, तुकड्यांचा आकार मात्र शक्य तितका मोठा ठेवा.

आता मांडणी. एका सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या बसतात. सुरुवातीच्या काळात दाइम्योची १, यारी अशिगारू ८, धनुर्धर ६, कातानाधारी (तलवारवाले) सामुराई २ आणि हलकं घोडदळ ३ असं सैन्य बहुतेक ठिकाणी पुरतं. यारीवाल्यांची एक सलग फळी करा. धनुर्धर सुरुवातीला तिच्या पुढे ठेवा आणि शत्रू धावत यायला लागला की मागे घ्या. कातानावाले फळीच्या मागे राखीव. हलकं घोडदळ दोन्ही टोकांना, जमल्यास झाडीत लपवून.

दाइम्यो फळीच्या मध्यामागे, दोन तुकड्यांच्या खोलीएवढं अंतर सोडून. याहून जवळ ठेवला तर फळीसाठी आलेले बाण त्याच्यावर पडतात. याहून लांब ठेवला तर टोकाच्या तुकड्या त्याच्या प्रभावाबाहेर राहतात, आणि मोडायला सुरुवात नेमकी टोकांपासूनच होते. बाणांचा अंदाज घ्यायची एक साधी युक्ती आहे. आपल्या धनुर्धरांची तुकडी निवडली की जमिनीवर तिचा पल्ला दिसतो. शत्रूच्या धनुर्धरांचा पल्लाही निदान तेवढा धरून चाला आणि दाइम्योला त्याच्या बाहेर ठेवा. टेकाड असेल तर फळी उतारावर आणि दाइम्यो तिच्या मागे वरच्या अंगाला.

दाइम्योला कंट्रोल आणि १ दाबून स्वतंत्र ग्रुप द्या. हे फार महत्त्वाचं आहे. तो इतर घोडदळाबरोबर एकाच ग्रुपमध्ये असला की ‘सगळ्या घोड्यांनी हल्ला करा’ असा हुकूम दिल्यावर तोही मुकाट्याने निघतो. बहुतेक सरदार असेच मरतात, आणि खेळणाऱ्याला कळतं तेव्हा खालच्या पट्टीत त्याच्या मृत्यूची बातमी आलेली असते. कंट्रोल आणि ए दाबून सगळं सैन्य निवडतानाही हाच धोका असतो.

लढाई भिडली की तीन बटणं कामाची. इन्स्पायरने एका तुकडीला बळ मिळतं. जिथे दोन्ही फळ्या समसमान अडल्या आहेत तिथल्या तुकडीवर ते वापरा. आधीच जिंकत असलेल्या तुकडीवर ते वाया जातं. रॅलीने आसपासच्या डळमळलेल्या तुकड्या सावरतात, पळणाऱ्या परत फिरू शकतात. तुकडीचा झेंडा पांढरा झाला म्हणजे ती पळते आहे. पण पार मोडलेली तुकडी काहीही केलं तरी परत येत नाही, म्हणून रॅली उशिरा दाबण्यात अर्थ नाही. पहिली तुकडी वळली की दुसरी वळायच्या आत दाबा.

तिसरं बटण स्टँड अँड फाइट, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. यात सरदार एका जागी ठाण मांडतो, भोवतालच्या तुकड्यांना चांगलंच बळ मिळतं, पण तो हलू शकत नाही. शत्रूचे धनुर्धर किंवा बंदूकवाले शिल्लक असताना ते चालू केलं तर तो आयता निशाणा होतो. आधी आपल्या हलक्या घोडदळाने शत्रूचे धनुर्धर उधळून लावा, मगच हे बटण. आणि चालू असताना बगलेकडे डोळे ठेवा. लपलेलं घोडदळ बाहेर पडलं की लगेच बंद करून त्याला हलवा.

मग या घोडदळाने चार्ज करायचाच नाही का? करायचा, पण शेवटी, आणि पाठीत. दोन्ही फळ्या अडकून पडल्या, शत्रूचे राखीव भालेवाले संपले किंवा लांब आहेत, आणि त्याच्या एका टोकाची तुकडी थकली आहे, अशा वेळी दाइम्योला वळसा घालून त्या तुकडीच्या पिछाडीला न्या. वळसा चालत घाला, पळत नाही. पळवलेले घोडे थकतात आणि चढावर तर फारच लवकर, मग ऐन चार्जमध्ये जोर राहत नाही. पिछाडीला पोचल्यावर घोड्यांना वेग पकडायला मोकळं मैदान लागतं. अगदी अंगाला चिकटून हुकूम दिला तर चार्जचा फायदाच मिळत नाही, घोडे नुसते गर्दीत शिरतात. मोकळी जागा ठेवा, शत्रूवर डबल राइट क्लिक करा, तुकडी आडवी पसरलेली ठेवा.

धडक बसल्यावर मोठा परिणाम पहिल्या काही क्षणांतच होतो. त्या वेळात शत्रूची तुकडी मोडली तर उत्तम. नाही मोडली तर दाइम्योला तिथे झुंजत ठेवू नका. मोकळ्या जमिनीवर क्लिक करून बाहेर काढा, श्वास घेऊ द्या, पुन्हा धडक द्या. बाहेर काढताना काही स्वार पडतात, तरी तो सौदा परवडतो. पुन्हा पुन्हा धडक देण्याचं खरं काम यारी घोडदळाचं, आणि गर्दीत टिकून कापाकापी करण्याचं कातानावाल्या घोडदळाचं. तुमच्याकडे ते असेल तर दाइम्योला या भानगडीत पाडूच नका. ताकेदा कुळ घेतलं असेल तर घोडदळ स्वस्त आणि चांगलं मिळतं, तेव्हा सरदाराला धडकेवर पाठवायला निमित्तच उरत नाही.

धडक कधीच द्यायची नाही अशा जागा तीन. रोखलेल्या भाल्यांच्या समोरून. यारी अशिगारूंनी यारी वॉल, म्हणजे भाले पुढे रोखून दाट फळी, केली असेल तर समोरून येणारा घोडा वाचत नाही. बाजूने किंवा मागून तेच अशिगारू सहज मोडतात. झाडीत. तिथे घोडदळ कमजोर पडतं. आणि बंदूकवाल्यांच्या समोरून. १५७५ साली नागाशिनोला लाकडी कुंपणामागून ओदा-तोकुगावांच्या बंदुकांनी ताकेदांच्या फौजेचं काय केलं ते प्रसिद्ध आहे, आणि खेळातही पहिली फैर तितकीच निर्दयी असते.

कॉम्प्युटरचा सरदार मात्र अनेकदा नेमकी हीच चूक करतो. १५६१ च्या चौथ्या कावानाकाजिमाच्या लढाईत उएसुगी केन्शिनने ताकेदा शिंगेनच्या तळात घोडा घातला आणि शिंगेनने त्याचे वार युद्धपंख्यावर झेलले अशी दंतकथा आहे. कॉम्प्युटरला जणू दर लढाईत तेच करायचं असतं. याचा फायदा घ्या. आपली एक यारी तुकडी फळीपासून थोडी पुढे, एकटी दिसेल अशी उभी करा आणि तिला यारी वॉल द्या. तिच्या दोन्ही बाजूंना, थोडं मागे, आणखी दोन यारी तुकड्या. शत्रूचा सरदार त्या एकट्या तुकडीवर आला की पी दाबून खेळ थांबवा, बाजूच्या दोन्ही तुकड्यांना त्याच्यावर हल्ल्याचा हुकूम द्या, धनुर्धरांना त्याच्यावर नेम धरायला लावा, मग खेळ सुरू करा. तो पडला की त्याच्या सैन्याची फळी खिळखिळी होते. लेजंडरी या सगळ्यात कठीण पातळीवर थांबवून हुकूम देता येत नाहीत, तिथे हे हातानेच जमवावं लागतं.

पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग हलक्या घोडदळाने करा. दाइम्योला पाठवलं तर तो पाठलागात नकाशाच्या कडेला जातो, इकडे लढणारी टोकं उघडी पडतात, आणि शत्रूची कुमक त्याच बाजूने आली तर तो एकटा सापडतो.

किल्ल्यावर चढाई असेल तर दाइम्योला बाणांच्या पल्ल्याबाहेर थांबवा. भिंती चढण्याचं काम पायदळाचं, त्यात माणसं पडून मरतात. आतून दरवाजा ताब्यात आला की मगच घोडे आत. बचाव करताना तो आतल्या तटात, मुख्य वाड्याच्या निशाणाजवळ.

मोहिमेच्या नकाशावर दोन पथ्यं. दाइम्यो आणि त्याचा वारस एकाच सैन्यात ठेवू नका. आणि स्वतः न लढता निकाल लावून घेताना सरदार मरू शकतो, म्हणून दाइम्यो असलेली लढाई शक्यतो हातानेच लढा. अंगरक्षकांची तूट आपल्या मुलखात थांबल्यावर आपोआप भरून निघते. निम्मे स्वार उरलेले असताना लगेच पुढच्या प्रांतावर धावू नका, एखाद-दोन पाळ्या थांबा.

लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही. पावसाळ्यात पुण्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि इन्व्हर्टर नसेल तर लढाईच्या स्क्रीनवर जायच्या आधी, नकाशावर असतानाच वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.