मक्याचे छोटे तिखटमिठाचे पॅनकेक आणि वर ताजा साल्सा

मक्याचे पॅनकेक बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. दाण्यांचा रस पिठात उतरतो आणि मिश्रण पातळ होतं, गोठवलेल्या दाण्यांतलं पाणी सुटून तवा थंड पडतो. हे सगळं जमलं, तरी वर घातलेला साल्सा पाच मिनिटांत कुरकुरीत कडा मऊ करून टाकतो. म्हणून मापं देतो आहेच, पण पाणी कुठे राहू द्यायचं आणि कुठून काढायचं, याकडे जास्त लक्ष द्या. मापात थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर मात्र निभावत नाही.

खालच्या साहित्यात हातभर पसरणारे नाही, तर दोन घासांत संपतील असे १८ ते २० पॅनकेक होतात. चार जणांना पुरतात. वेळ पाऊण ते एक तास.

पॅनकेकसाठी

- स्वीट कॉर्नची मध्यम कणसं २ (दाणे साधारण दीड कप)
- बारीक दळलेलं पिवळं मक्याचं पीठ अर्धा कप
- मैदा अर्धा कप
- दूध अर्धा कप (१२० मिली)
- अंडं १
- वितळलेलं लोणी १ मोठा चमचा
- बेकिंग पावडर १ छोटा चमचा
- मीठ पाऊण छोटा चमचा, ताजी मिरपूड
- पातीचे कांदे २, बारीक चिरून
- तव्यावर सोडायला तेल

साल्सासाठी

- पिकलेले पण घट्ट टोमॅटो ३ (साधारण ३५० ग्रॅम)
- छोटा कांदा १
- हिरवी मिरची १ किंवा २
- मूठभर कोथिंबीर
- लिंबाचा रस १ मोठा चमचा
- मीठ अर्धा छोटा चमचा
- साल्साखाली घालायला घट्ट, पाणी काढलेलं दही पाऊण कप

मक्याचं पीठ घेताना नीट बघा. आपल्याला हवं आहे ते वाळलेल्या मक्याचं, पिवळं, बोटांना किंचित रवाळ लागणारं पीठ. सूप दाट करायला वापरतात ती पांढरीशुभ्र, गुळगुळीत पावडर म्हणजे मक्यातला नुसता स्टार्च. ती इथे घातली तर पॅनकेक चिवट होतात आणि मक्याची चवही लागत नाही.

टोमॅटो आधी चिरा

साल्सा शेवटी वाढायचा असला, तरी कामाची सुरुवात टोमॅटोपासून करायची, कारण त्यांना निथळायला वेळ लागतो. टोमॅटो फ्रीजमधले नकोत. जास्त थंडीत ठेवलेल्या टोमॅटोचा वास मरतो, आणि कच्च्या साल्सात तो वास हीच खरी चव असते. धारदार सुरीने मक्याच्या दाण्याएवढ्या फोडी करा. सुरी बोथट असेल तर टोमॅटो चिरला न जाता चेंगरतो आणि पाटावरच निम्मा रस जातो.

बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाका, असं पुष्कळ जण सांगतात. मी काढत नाही. टोमॅटोचा तो भरपूर, तोंडात रेंगाळणारा स्वाद देणारं ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा या आतल्या भागात जास्त असतं. ते फेकलं तर रंगीत पण फिक्या चवीच्या फोडी हातात राहतात. त्यापेक्षा फोडींना मीठ चोळा आणि त्या गाळणीत घालून, खाली वाटी ठेवून वीसेक मिनिटं सोडून द्या. मीठ पाणी ओढून घेतं, फोडी घट्ट राहतात आणि मीठ आतपर्यंत मुरतं. वाटीत तीन-चार चमचे फिकट गुलाबी पाणी जमेल. ते ओतू नका, पुढे लागणार आहे.

तोवर कांदा अगदी बारीक चिरा आणि थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवा. चिरताना सुटणारी गंधकाची उग्र द्रव्यं त्या पाण्यात निघून जातात, कांद्याचा करकरीतपणा मात्र राहतो. नंतर तो स्वच्छ कापडात घेऊन घट्ट पिळा. इथे आळस केलात तर टोमॅटोतून काढलेलं पाणी कांद्यावाटे परत साल्सात येईल.

मिरचीचा जाळ बियांत असतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत असतो. साल्सा सौम्य हवा असेल तर मिरची उभी चिरून ती शीर खरवडून काढा. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नका. पानांपेक्षा त्यांना वास जास्त असतो आणि चिरल्यावर ते लगेच मलूल होत नाहीत.

हे सगळं वेगवेगळं तयार ठेवा. एकत्र करायची घाई नको.

कणसाचं दूध

सोललेलं कणीस पसरट भांड्यात उभं धरा आणि सुरी वरून खाली आणत दाणे काढा. फार खोल कापू नका, नाहीतर दाण्यांबरोबर आतले कडक, दातांत अडकणारे कोंडे येतात. सगळ्यांत महत्त्वाचं काम यानंतरचं: सुरी उलटी धरून तिच्या पाठीने ते रिकामं कणीस जोर लावून खरवडा. दाण्यांच्या बुडाशी राहिलेला पांढरट, दाटसर रस भांड्यात उतरतो. दोन कणसांतून दोन-तीन चमचेच निघतो, पण मक्याचा गोडवा आणि स्टार्च दोन्ही त्यात एकवटलेले असतात. हे पाणी मिश्रणात राहू द्यायचं, कारण तव्यावर तापल्यावर ते स्वतःच घट्ट होतं आणि पॅनकेक बांधून ठेवतं.

कणीस जितकं ताजं तितकं चांगलं. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. हल्लीच्या गोड वाणांत हा बदल सावकाश होतो, तरी होतोच. ताजी कणसं नसतील तर गोठवलेले दाणे चालतात. मात्र ते पूर्ण सुटे झाल्यावर कापडावर पसरून, वरून दुसरं कापड दाबून कोरडे करा. डब्यातले दाणे असतील तर निथळा, धुवा आणि तसेच कोरडे करा.

निम्मे दाणे मिक्सरमध्ये तीन-चार वेळा थांबत थांबत फिरवा. भरड हवे, पेस्ट नको. उरलेले अख्खे दाणे कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर तीन-चार मिनिटं परता, त्यांच्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत. ही पायरी वगळली तरी पॅनकेक होतात, पण मी ती वगळत नाही. वरचं पाणी उडतं, चव भाजकी आणि खोल होते, आणि पुढे तेलात दाणा फुटून अंगावर उडण्याची भीतीही कमी होते. दाण्याचं साल आत वाफ कोंडून धरतं, म्हणून तो फुटतो.

नुसता मकाच वाटून, पीठ न घालता हे होणार नाही का? होतं. व्हेनेझुएलातली कचापा अशीच ताज्या मक्याच्या वाटणाची करतात. पण त्याला थोडा निबर, स्टार्च भरलेला मका लागतो. कोवळ्या स्वीट कॉर्नमध्ये साखर आणि पाणी जास्त असतं. नुसतं त्याचं वाटण तव्यावर पसरतं आणि उलटताना तुटतं. म्हणून इथे पीठ आणि अंडं.

मिश्रण

मक्याच्या पिठाला पाणी शोषायला वेळ लागतो, मैद्याला जास्त घोळवलेलं सोसत नाही. दोघांना एकदमच भांड्यात टाकलं तर एकाचं तरी बिनसतं. म्हणून आधी मोठ्या भांड्यात दूध, अंडं आणि लोणी फेटा, त्यात मक्याचं पीठ, भरड मका आणि कणसाचं दूध घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. पीठ फुगतं आणि नंतर दाताखाली कचकच लागत नाही.

मैदा, बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड दुसऱ्या भांड्यात कोरडीच नीट मिसळून घ्या. तवा तापायला ठेवाल तेव्हा ती ओल्या मिश्रणात घाला, वर अख्खे दाणे आणि कांद्याची पात. आता उलथन्याने खालून वर असे दहा-बारा हात फिरवा आणि थांबा. थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. फेटत बसलात की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पॅनकेक रबरासारखे होतात.

चमचा उचलल्यावर मिश्रण क्षणभर चमच्याला धरून मग थबकन खाली पडलं पाहिजे. धार लागत असेल तर एक चमचा मक्याचं पीठ घाला. गोळा होऊन बसत असेल तर चमचाभर दूध.

तव्यावर

जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. तेलाचा पातळ थर द्या. त्यात मिश्रणाचा एक थेंब टाकल्यावर तो लगेच, पण शांतपणे चुरचुरला पाहिजे. थेंब नुसता पडून राहिला तर तवा थंड आहे, कडेने लगेच काळा झाला तर आच कमी करा. आधी एकच पॅनकेक घाला, तो खाऊन मिठाचा अंदाज घ्या आणि मग पुढचे.

प्रत्येकी दीड मोठा चमचा मिश्रण घालून चमच्याच्या पाठीने साधारण ६ सेंटिमीटर रुंद पसरा. मोठ्या तव्यावर एका वेळी चार किंवा पाच, त्याहून जास्त नको. गर्दी झाली की प्रत्येकाची वाफ शेजारच्याला लागते आणि भाजण्याऐवजी ते वाफवले जातात.

आता हात आवरा. दोन ते अडीच मिनिटं त्यांना हलवू नका. वर बुडबुडे येतील, पण मका भरपूर असल्यामुळे गव्हाच्या पॅनकेकइतके येणार नाहीत, म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबू नका. कड बघा: ओली चकाकी जाऊन ती मॅट दिसू लागते आणि तिथला दाणा किंचित वर उचलला जातो. उलथनं खाली सहज सरकलं तर उलटा, चिकटत असेल तर अजून अर्धा मिनिट थांबा. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटांत होते. उलटल्यावर उलथन्याने दाबायचा मोह आवरा; दाबलं की आतली हवा जाते आणि पॅनकेक दडस होतो.

झालेले पॅनकेक ताटात एकावर एक रचू नका. खालून सुटणारी वाफ तिथेच अडकून सगळे ओलसर होतात. जाळीवर सुटे ठेवा. ओव्हन असेल तर १०० अंशांवर जाळीसकट आत ठेवले की शेवटचा घाणा होईपर्यंत गरम आणि कुरकुरीत राहतात. दोन घाण्यांच्या मध्ये तवा कागदाने पुसून घ्या, नाहीतर जळालेले कण पुढच्यांना चिकटतात.

साल्सा जुळवा

शेवटचा घाणा तव्यावर असताना निथळलेला टोमॅटो, पिळलेला कांदा, मिरची आणि कोथिंबीर एकत्र करा. सर्वांत शेवटी लिंबू. चाखून बघा, मीठ आधीच मुरलेलं असल्यामुळे बहुधा वरून लागत नाही. मेक्सिकोत याच मेळाला पिको दे गायो म्हणतात. तिथे साल्सा शिजवलेला, भाजलेला, वाटलेला अशा कितीतरी रूपांत असतो, पण या पॅनकेकवर हा कच्चा, चिरलेलाच शोभतो, कारण खालचा मका गोड आणि मऊ आहे.

आता ते वाटीतलं टोमॅटोचं पाणी. पाऊण कप घट्ट, पाणी काढलेल्या दह्यात त्यातले एक-दोन चमचे घालून फेटा. दह्याला हलकी गुलाबी छटा आणि टोमॅटोची आंबटगोड चव येते. पॅनकेकवर आधी या दह्याचा छोटा थेंब, त्यावर साल्सा. दही चविष्ट तर लागतंच, शिवाय त्याचा थर साल्साचा रस थेट पॅनकेकमध्ये उतरू देत नाही.

टोमॅटो चांगले नसतील त्या दिवसांत आंब्याचा साल्सा करा: पिकायला लागलेला पण घट्ट आंबा, बिया काढलेली काकडी, तसाच धुऊन पिळलेला कांदा, पुदिना, लिंबू, चिमूटभर मीठ. इथे काकडीच्या बिया मात्र काढायच्याच, त्यांत पाण्याशिवाय फारसं काही नसतं. पिकलेला अवोकाडो कुठल्याही साल्सात चालतो, फक्त वाढण्याच्या क्षणी हलक्या हाताने मिसळा.

ताटात मांडताना सगळ्यांवर एकदम साल्सा घालून ठेवू नका. पॅनकेक जाळीवर, दही आणि साल्सा वाट्यांत, आणि ज्याने त्याने खाताना आपला आपण वाढून घ्यावा. पाहुण्यांसाठी सजवून द्यायचे असतील तर एका वेळी सहा-सहा पॅनकेक तयार करून लगेच बाहेर न्या.

अंड्याशिवाय

अंडं नको असेल तर दोन मोठे चमचे बेसन तीन चमचे पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्याच्या जागी घाला. पॅनकेक जरा कमी फुलतात आणि आच थोडी मंद ठेवून दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट जास्त भाजावे लागतात, कारण कच्चं बेसन लगेच जाणवतं. उलटायची घाई इथे अजिबात नको.

उरलं तर

पॅनकेक पूर्ण गार करून हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. मध्ये कागद घालून गोठवले तर महिनाभर. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, ते लिबलिबीत होतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू शेका. साल्सा त्याच दिवशी संपवावा. रात्रीपर्यंत त्याला पाणी सुटलंच तर गाळणीत निथळून सकाळी अंड्याच्या भुर्जीत घाला.