स्किड स्टिअर लोडर तापतोय? आधी हवा बघा, मग पाणी, इंजिन सगळ्यात शेवटी

साइटवर ज्याला सगळे सरसकट बॉबकॅट म्हणतात, त्या छोट्या लोडरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की बहुतेक ठिकाणी पहिला संशय हेड गॅस्केटवर (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) जातो आणि इंजिन खोललं जातं. घाई करू नका. मशीन किती तापलं यापेक्षा कधी तापतं हे आधी ऑपरेटरला विचारा. अर्धा तास भर कामात चालल्यावर हळूहळू काटा चढत असेल, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत किंवा आतून चोंदलेल्या रेडिएटरमध्ये असतो. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच, रिकामं उभं असताना तापत असेल, तर कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी आहे, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व) अडकलाय, पंप पाणी ढकलत नाही किंवा गॅस्केट गेलंय. ब्रेकर किंवा झाडूसारखी अटॅचमेंट जोडल्यावरच तापत असेल, तर मोर्चा हायड्रॉलिककडे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे वळवा.

मशीन तापल्यावर काय करायचं, हेही ऑपरेटरला सांगून ठेवा. पंख्याचा पट्टा शाबूत असेल आणि कुलंट गळत नसेल, तर बकेट खाली टेकवून तीन-चार मिनिटं आयडलवर चालू द्यावं, म्हणजे पंखा आणि पंप उष्णता काढत राहतात. पट्टा तुटला किंवा होज फाटला असेल, तर लगेच बंद. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका. कॅपच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. कॅप सैल झाली की ते एकदम उसळून अंगावर येतं. निदान तासभर थांबा. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आर्म वर उचलून काम करायचं असेल तर आर्मचा लॉक लावल्याशिवाय हात घालू नका.

काटा खरं सांगतोय का, हे इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान मोजणारं उपकरण) थर्मोस्टॅट हाउसिंगवर तपासा. चकचकीत धातूवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. काटा ११० म्हणतोय आणि गन ८८, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

आता हवा. इंजिन मागच्या घट्ट पेटीत बसवलेलं, त्यात बऱ्याच मॉडेलमध्ये हायड्रॉलिक ऑइल कूलर आणि रेडिएटर एकाला एक लागून. कूलरच्या फिन्समधून (पातळ धातूच्या पात्यांमधून) निसटलेला बारीक कचरा दोघांच्या मधल्या फटीत साचतो. बाहेरची जाळी लख्ख दिसते आणि आत गोधडीसारखा थर बसलेला असतो. म्हणून नुसतं वरून फुंकून भागत नाही. कूलरचे बोल्ट काढा, होजला ताण न देता तो उचला आणि रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा. जिथून उजेड येत नाही, तिथून हवाही जात नाही.

साखर कारखान्यात बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) तंतू फिन्सवर गुंततात. ऑइल गळत असेल तर ते जणू चिकटवलेलेच. रेडीमिक्स प्लांटवर उलट गोष्ट सांभाळायची: सिमेंटच्या धुळीवर आधी पाणी मारायचं नाही, नाहीतर ती तिथेच घट्ट बसते. आधी कोरडी हवा, पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने, साधारण २ बार दाबाने. तेलकट थर असेल तर डिग्रीझर लावून थोडा वेळ थांबा आणि कमी दाबाच्या पाण्याने फिन्सना काटकोनात धुवा. वॉशरचा जेट जवळून तिरका मारला तर फिन्स मुडपतात.

त्याच वेळी पंख्याचं आच्छादन आणि कडेच्या रबर-फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का पाहा. त्या नसल्या की गरम हवाच फिरून पुन्हा रेडिएटरमधून जाते. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १० मिमी दबला पाहिजे; नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेतून घ्या. पट्टा चकाकत असेल तर घसरतोय, बदला.

पाण्याची बाजू गार इंजिनवर तपासा. पातळी, कॅपचं रबर, आणि पंपाच्या खालच्या छिद्रातून ओल येतेय का. पुली हाताने हलवली आणि ढिली लागली, तर बेअरिंग गेलं. रेस वाढवून खालचा होज बघा. पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल, तर होज मऊ पडलाय किंवा आतली स्प्रिंग गंजलीय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या मशीनमध्ये क्षार आतून नळ्या बुजवतात. रेडिएटरवर गन फिरवली की असे बुजलेले भाग शेजारच्या भागापेक्षा गार लागतात, कारण तिथून गरम पाणीच जात नाही.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात गरम पाण्यात थर्मामीटरसह सोडा. उघडण्याचा आकडा बहुधा त्याच्यावर कोरलेला असतो, अनेक इंजिनांत ७१ किंवा ८२ अंश. आकड्याच्या आसपास उघडायला लागला नाही तर नवा टाका. तो काढून तसंच मशीन चालवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती चुकीची आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो, तिथे पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनमध्ये फिरतं आणि मशीन जास्तच तापतं. बायपास तसा नसला तरी इंजिन गार चालून डिझेल जास्त जाळतं.

हायड्रॉलिकमध्ये तेलाची पातळी, रिटर्न फिल्टर आणि अटॅचमेंटला लागणारा फ्लो बघा. सिलिंडर टोकाला गेल्यावरही लिव्हर ओढून धरायची सवय असेल तर तेल रिलीफ व्हॉल्ववरून (जादा दाब सोडणारा व्हॉल्व) जात तापतं, आणि ती उष्णता कूलरमागच्या रेडिएटरच्या माथी येते.

एवढं करूनही तापलं तरच गॅस्केट. गार इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज कडक झाला, उघड्या रेडिएटरमध्ये बुडबुडे सतत येत राहिले किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं, तर संशय पक्का. हेड खोलण्याआधी ब्लॉक टेस्टर लावा. कुलंटमध्ये ज्वलनाचा वायू असेल तर टेस्टरमधल्या द्रवाचा रंग बदलतो.

भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, सावकाश ओता आणि एअर ब्लीड स्क्रू असेल तर तो ढिला ठेवा. थर्मोस्टॅटचं छोटं छिद्र वरच्या बाजूला आलं पाहिजे, नाहीतर हवा अडकून राहते. मग भर कामात अर्धा तास चालवून गनने पुन्हा मोजा आणि मशीन गार झाल्यावर पातळी बघून कमी असेल तेवढं भरा.