फिस्टुलावर रोज सकाळी बोटं ठेवा

डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी शिरेला जोडतात, तो जोड म्हणजे फिस्टुला. सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्याही आधी, दुसऱ्या हाताची तीन बोटं फिस्टुलाच्या व्रणावर हलकेच ठेवा. मांडीवर निजलेल्या मांजराच्या अंगात घरघर लागते ना, तशी सलग थरथर बोटांना कळली पाहिजे. मग हात कानाशी न्या. आवाज अखंड हवा, तुटक नको.

घरघर जाऊन नुसते ठोके लागत असतील, तर पुढे कुठेतरी शीर अरुंद झाल्याची शंका घ्या. आता हात डोक्याच्या वर उचला. चांगल्या फिस्टुलाची शीर अशी धरली की मऊ पडते. टम्म फुगलेलीच राहिली, तर रक्ताला पुढची वाट मोकळी नाही. सोनोग्राफीचा प्रोब हातात घेण्याआधी मीही हेच करते, आणि अडथळ्याचा अंदाज पुष्कळदा इथेच येतो. त्या जागी तारेवरून फुगा नेऊन शीर रुंद करणं, हे माझं रोजचं काम. डायलिसिसची सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा उशिरा थांबतंय किंवा हात सुजतोय, तरीही दाखवायला या.

घरघर पूर्ण थांबली तर मात्र त्याच तासाला फोन. माझ्या एका पेशंट काकूंना शनिवारी सकाळीच कळलं होतं. "सोमवारी डायलिसिस आहेच, रविवारी डॉक्टरांना कशाला त्रास," म्हणून त्या थांबल्या. तोवर गुठळी शिरेला घट्ट चिकटली होती. मला ती काढता आली नाही, आणि काकूंना डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, रात्री दोनलाही फोन करा.

फिस्टुलाच्या हातावर बीपी नको, सलाईन नको, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको. तो हात उशाखाली घेऊन झोपू नका.

ज्यांचं डायलिसिस अजून सुरू व्हायचंय, त्यांनी तर आतापासूनच शिरा जपाव्यात. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. वेळेवर केला नाही, तर ऐनवेळी नळीच घालावी लागते. शिकत असताना रात्रीच्या घाईत मीही कॉलरबोनखालच्या शिरेत अशा नळ्या घातल्या. त्यातल्याच एका पेशंटची ती शीर आतून आवळली. वर्षभरानं तो सुजलेला हात घेऊन माझ्यासमोर बसला, आणि त्या दिवशी मी हे काम नीट शिकायचं ठरवलं. पुढे दुसऱ्या शहरात जाऊन दोन वर्षं शिकले.

तुम्ही उजव्या हातानं जेवत-लिहीत असाल, तर डावा हात राखून ठेवा. रक्त तपासायला कोणी आलं, तर उजव्या हाताचा पंजा पुढे करा आणि म्हणा, "मागच्या बाजूच्या शिरेतून घ्या, डावा हात फिस्टुलासाठी ठेवलाय."