ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती शोधायला बसण्याआधी

आधी गाडीत गिअरबॉक्स कोणता आहे ते नक्की करा. क्लच पेडल नसलं की आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो, पण एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्सच; त्याचं ऑइल वेगळं आणि तपासणीही वेगळी. इथलं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनचा जोर क्लचऐवजी तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या, गाडीसाठी आहे. गाडीचं माहितीपुस्तक काढून त्यात एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, ग्रेड आणि लेव्हल बघायची पद्धत वाचून ठेवा. काही गाड्यांना डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) असते, आणि ती कुठे इंजिन चालू ठेवून बघायची असते तर कुठे बंद करून. डिपस्टिकच नसेल तर ऑइल ठरावीक तापमानाला, बहुधा 35 ते 45 अंशांच्या आसपास असताना, खालचा लेव्हल प्लग उघडतात. ते तापमान बघायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. तो नसेल तर प्लगला हात लावू नका.

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि खाली मोठा पुठ्ठा सरकवा. पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखा, नाहीतर सकाळी डाग असतो पण तो कशाखालचा हे कळत नाही. एसीचं पाणी ठिबकतंच, त्याने घाबरायचं कारण नाही. एटीएफ बहुधा लाल, जुनं झालं की तपकिरी. इंजिन ऑइल काळपट. पण काही कूलंटही (रेडिएटरमधलं पाणी) गुलाबी-लाल असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका, बोटावर घेऊन बघा: एटीएफ तेलकट लागतं, कूलंट पाण्यात विरघळतं. शंका उरलीच तर इंजिनच्या डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या कागदावर शेजारी टाकून जुळवा. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्येही कित्येकदा एटीएफच असतं, म्हणून ती बाटलीही बघून घ्या.

गाडीखाली जायचं तर रॅम्प किंवा घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) हव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, सायलेन्सर निवू द्या. ओळखीच्या गॅरेजचा पिट अर्धा तास मिळाला तर सगळ्यात बरं.

आता खरं काम, आणि बहुतेकजण टाळतात ते हेच: धुणं. तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो त्यात गळती सापडत नाही. डिग्रीजर, ब्रश, सुती फडकी, चांगला टॉर्च एवढं जवळ ठेवा. प्रेशरचं पाणी वायरिंगच्या कनेक्टरवर आणि ब्रीदरवर (गिअरबॉक्सची हवा जायची वाट) मारू नका. कोरडं झालं की गाडी 15-20 किलोमीटर फिरवून आणा आणि मग बघा. थेंब जिथे पडतो तिथेच गळतं असं नाही. वाऱ्याने तेल मागे ओढलं जातं आणि ओघळत खालच्या बोल्टवर येऊन लोंबतं. ओलं कुठे कुठे आहे ते पाहून त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा धरा. तेवढ्याने न कळल्यास एटीएफला चालणारी यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) आणि यूव्ही टॉर्च वापरा.

चेंबरचं (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या पत्र्याच्या भांड्याचं) पॅकिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, एटीएफ गार करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या कूलर लाइन्स, ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील हे नेहमीचे संशयित. स्पीडब्रेकरला पोट घासणारी गाडी असेल तर चेंबर चेपलाय का तेही बघा. चेंबरचे बोल्ट मात्र अंदाजाने आवळू नका. जास्त आवळले की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. ब्रीदरमधून तेल येत असेल तर कुणीतरी एटीएफ जास्त भरलेलं असू शकतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं दिसलं तर घाई नको: तिथून इंजिनचा मागचा सीलही गळतो आणि टॉर्क कन्व्हर्टरचा सीलही. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तेल कोणाचं ते आधी ठरवा आणि उतरवलाच तर दोन्ही सील तपासून घ्यायला सांगा.

बाहेर कुठेच ओलं नाही तरी लेव्हल उतरतेय? मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा. आत गुलाबीसर दुधट साय दिसली तर एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आत फुटला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवू नका. तसंच गिअर उशिरा पडत असेल किंवा घसरत असेल तरीही. फ्लॅटबेडवर चढवून न्या, आणि गॅरेजवाल्याला आखलेला पुठ्ठा, धुतल्यानंतरचे फोटो आणि एटीएफचा ग्रेड द्या.