वस्तीत पालक-बालक केंद्र सुरू करताना

तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या कडेच्या वस्तीत पालकांसाठी आणि मुलांसाठी एखादे केंद्र असावे, असे ज्यांच्या मनात येते, ते बहुधा आधी जागा शोधू लागतात, मग नाव ठरवतात, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावर चार बैठका घेतात. आणि केंद्राच्या दारात येणारी बाई नेमके काय मागायला येईल, हा प्रश्न सर्वांत शेवटी उरतो. आमच्याकडूनही हेच झाले. बाजार समितीच्या मागच्या वस्तीत आम्ही ‘सुजाण पालकत्व’ या विषयावर व्याख्यानमालेने सुरुवात केली. पहिल्या व्याख्यानाला अकरा बायका आल्या, दुसऱ्याला चार, आणि त्या चारपैकी एक रेशनकार्डावर मुलाचे नाव चढवायला कोणाला भेटावे हे विचारायला आली होती. केंद्र खऱ्या अर्थाने सुरू झाले ते तिला उत्तर दिल्यानंतर. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्यात उपदेशाला जागा कमी आहे आणि कागद, वेळ आणि सतरंजी यांना जास्त.

आधी वस्ती फिरावी

निदान दोन महिने वस्तीत घरोघर जावे. छापील प्रश्नावली हातात घेऊन दारात उभे राहिले की लोक सरकारी पाहणी समजून सरकारी उत्तरे देतात, त्यामुळे चार प्रश्न मनात ठेवून गप्पा माराव्यात: आई-वडील कामावर असताना मूल कोणाजवळ असते, घरातल्या बाईला दिवसात केव्हा अर्धा तास मोकळा मिळतो, मूल आजारी पडले की पहिल्यांदा कोठे नेतात, आणि सध्या कोणते काम कोणत्या कागदावाचून अडले आहे. उत्तरे त्याच दिवशी घरी येऊन वहीत उतरवावीत.

याच फेऱ्यांत अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक आणि बचत गटांच्या अध्यक्षा यांना भेटून घ्यावे. हे शिष्टाचारापुरते नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांच्यासाठी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास मोठ्या दवाखान्याकडे पाठवणे), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार-आरोग्य शिक्षण ही कामे अंगणवाडीकडे आहेत. आपण शेजारच्या खोलीत दुसरी बालवाडी उघडली, तर सेविकेची पटसंख्या घटते, तिच्या मनात अढी बसते आणि जी व्यक्ती आपली सर्वांत मोठी सोबतीण झाली असती ती कायमची दुरावते. अंगणवाडीच्या कक्षेत जे येत नाही किंवा तिच्या हातून सुटते, तेथे आपले काम सुरू होते. शाळा सुटल्यावर उनाडणारी सहा वर्षांपुढची मुले, अपंग मुलांचे पालक, एकट्याने मूल वाढवणाऱ्या स्त्रिया, नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या आणि ज्यांना कोणीच बोलावत नाही असे वडील, ही माणसे प्रत्येक वस्तीत असतात.

‘अंगणवाडी’ या शब्दामागचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. लोक आपल्याकडे येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जागा, वेळ आणि नाव

स्वतंत्र इमारतीची पहिल्या दोन वर्षांत गरज नसते. समाजमंदिर, वाचनालयाची मागची खोली, गणेशोत्सव मंडळाचे वर्षातले दहा महिने बंद असलेले कार्यालय, यांपैकी काहीही चालते. मात्र जागा कोणत्याही एका जातीची, पक्षाची किंवा देवस्थानाची म्हणून ओळखली जाणारी नसावी, कारण अशा जागेचा उंबरा अर्धी वस्ती ओलांडत नाही. वापराची परवानगी तोंडी घेऊ नये. दिवस, तास, वीजबिल कोणी भरायचे आणि किल्ली कोणाकडे राहील, एवढे चार मुद्दे कागदावर आणून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. खोलीत कुलपाचे एक कपाट, सतरंज्या, फळा, पिण्याचे पाणी आणि जवळपास वापरण्याजोगे स्वच्छतागृह असावे. शेवटची गोष्ट नसेल, तर लहान मुलांच्या आया पंधरा मिनिटांच्या वर बसत नाहीत.

वेळ ठरवताना आपली सोय बाजूला ठेवावी लागते. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, शेतमजूर बायका संध्याकाळी सातनंतर, आणि वडील मंडळी भेटलीच तर रविवारी सकाळी. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणीही येत नाही, हे आम्हाला तीन रिकाम्या मंगळवारांनंतर कळले. आठवड्यातून तीनच दिवस उघडे ठेवावे, पण त्या तीन दिवशी ठरलेल्या वेळी ठरलेले माणूस तेथे असलेच पाहिजे. रोज उघडतो असे सांगून अधूनमधून कुलूप लावणाऱ्या केंद्राला लोक सहा आठवड्यांत विसरतात.

नावात ‘समुपदेशन’ हा शब्द घालू नये. वस्तीत त्या शब्दाचा अर्थ नवरा-बायकोचे भांडण आणि काडीमोड असा घेतला जातो, आणि तेथे जाताना दिसलेल्या बाईला सासरी जाब द्यावा लागतो. ‘पालक कट्टा’ म्हणा, ‘पालक-बालक केंद्र’ म्हणा. दाखल्याच्या निमित्ताने येता येईल असे नाव हवे.

कागदांचे टेबल

केंद्रातील सर्वांत गर्दीचे ठिकाण हे असेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते, पण बाळंतपण माहेरच्या गावी झाले आणि नाव घालायचे राहिले, की पुढे शाळेपर्यंत प्रत्येक कागद अडत जातो. बाल आधारवर पाच वर्षांखालील मुलाचे ठसे नसतात. ते पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षानंतर द्यावे लागतात, हे पालकांना शाळेने फॉर्म परत पाठवल्यावर कळते. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, बँकेचे खाते, शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत असलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज, ही कामे समजणारी एक व्यक्ती टेबलावर हवी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे कार्यालयांवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवायला शिकवणे, हेच पुष्कळदा अर्धे काम असते.

योजनांची यादी भिंतीवर लावून भागत नाही. आई किंवा वडील गेलेल्या अथवा पालक सांभाळू शकत नसलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आणि २०२३ पासून तीत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण तिच्या अर्जासाठी मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे कागद गोळा करून जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयापर्यंत आणि पुढे बाल कल्याण समितीसमोर जावे लागते. नुकती विधवा झालेली स्त्री हे एकटीने करत नाही. पहिल्या खेपेला तिच्याबरोबर एसटीत बसून जावे. दुसऱ्या खेपेला ती शेजारणीला घेऊन जाते. अर्ज भरून देण्याचे पैसे केंद्राने कधीही घेऊ नयेत, आणि पाच रुपयांच्या झेरॉक्सचाही हिशेब भिंतीवर लावावा.

मुलांचा कोपरा

आई फॉर्म भरत असताना मूल रडत असेल, तर ना फॉर्म होतो ना बोलणे. म्हणून टेबलाच्या नजरेच्या टप्प्यात मुलांसाठी सतरंजी असावी. लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्या, पाटी-खडू, जाड पानांची चित्रपुस्तके, डबे आणि त्यांची झाकणे, एवढ्यावर वर्ष निघते. चिंचोके, सागरगोटे, मणी तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, ती तोंडात घालतात. खेळणी घरी नेण्यासाठी आठवड्याची उधारी ठेवावी आणि हरवलेल्या खेळण्याबद्दल दंड घेऊ नये. दंडाच्या भीतीने आया खेळणे माळ्यावर ठेवतात आणि आठ दिवसांनी तसेच परत आणतात.

पालकांशी मुलांच्या वाढीबद्दल बोलायचे ते याच सतरंजीवर बसून. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर घरातलाच वरण-भात मऊ करून त्यावर तेल किंवा तूप, मुलाशी सतत बोलणे, मोबाइल हातात देऊन जेवू न घालणे, या गोष्टी भाषणापेक्षा दुसऱ्या आईच्या तोंडून जास्त पटतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अशा वेळी आपण टॉनिक वाटत न बसता सेविकेला बरोबर घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. मूल उशिरा बोलते, हाकेला वळत नाही, अशी शंका आली, तर ‘मामासुद्धा उशिराच बोलला’ या दिलाशावर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या पथकामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी मिळते. येथे वर्ष गमावले, तर ते सहज भरून निघत नाही.

जे ऐकले ते कोठे ठेवायचे

टेबलावर आलेली बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत दाखल्यापलीकडचे बोलू लागते. त्यासाठी आडोसा असावा, नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक असावा आणि वही कुलपात असावी. कार्यकर्तीने ऐकलेले स्वतःच्या घरीही सांगू नये, हे नेमणुकीच्या वेळी लिहून घ्यावे. मारहाणीची तक्रार असेल, तर आपण पंच होऊन समेट घडवायला जाऊ नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती द्यावी आणि ठरवायचे तिने ठरवावे.

मात्र एका बाबतीत गुप्ततेचे वचन देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले किंवा होण्याची भीती वाटली, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘मुलीची बदनामी होईल, आपापसांत मिटवू’ असे म्हणणारे वजनदार लोक वस्तीत असतातच. त्यांच्यापुढे कार्यकर्तीने एकटीने उभे राहू नये म्हणून समितीचा ठराव आधीच करून ठेवावा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत कोपऱ्यात लावावा. हाच दंडक आपल्या माणसांनाही लावावा: पोलीस पडताळणीशिवाय कोणालाही मुलांबरोबर बसवू नये, आणि एक प्रौढ व एक मूल बंद दाराआड कधीही नसावे.

नोंदणी आणि पैसा

पहिले वर्ष एखाद्या नोंदणीकृत महिला मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या छत्राखाली काढावे, असे माझे मत आहे. काम टिकते आहे असे दिसल्यावर सात जणांची संस्था स्थापून सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे चांगल्या चाललेल्या संस्थांची बँक खातीही अडकून पडतात. पुढे आयकर विभागाची, संस्थेला करसूट आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी प्रमाणपत्रे (१२एबी आणि ८०जी या नावांनी ओळखली जात आलेली), आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा असेल, तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी लागते. परदेशी स्थायिक झालेले गावकरी उत्साहाने पैसे पाठवू पाहतात. पाठवणारा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र विदेशी योगदानाच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणीवाचून एक रुपयाही घेऊ नये.

खर्चातला मोठा भाग कार्यकर्तीच्या मानधनाचा असतो आणि देणगीदारांना नेमका तोच द्यायचा नसतो. त्यांना नावाची पाटी लावता येईल असे कपाट द्यायचे असते. कपाट घ्यावे, पण मानधनासाठी वस्तीतली दुकाने आणि निवृत्त शिक्षक यांच्याकडून लहान मासिक वर्गण्या बांधून घ्याव्यात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो; ग्रामसभेत त्याचा तपशील मागावा आणि केंद्रासाठी ठराव मांडावा. कार्यकर्ती शक्यतो त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली असावी. बाहेरून येणारी पदवीधर मुलगी चांगली नोकरी लागताच जाते, आणि वस्तीला पुन्हा नव्या माणसाला सगळे सांगावे लागते.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असलेल्या गावात आणखी एक तयारी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या नावाचे एक प्लास्टिकचे पाकीट करावे आणि त्यात लसीकरण कार्ड, आधार व जन्मदाखल्याची प्रत, शाळेचे पत्र आणि केंद्राचा फोन क्रमांक घालून ते आईच्या हाती द्यावे. मूळ कागद मात्र कपाटात ठेवून घेऊ नयेत. ते ज्याचे त्याच्या घरीच राहावेत.