बॅकहँड एका हाताचा की दोन हातांचा? या चुका टाळा

टिळकवाडीत पोरांना टेनिस शिकवताना पालक हमखास विचारतात, "सर, एका हातानं शिकवताय की दोन हातांनी?" दोन्ही चालतात. बॅकहँड, म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डाव्या बाजूला आलेल्या चेंडूला मारलेला फटका, बिघडतो तो एक प्रकार निवडून दुसऱ्यासारखा मारल्यामुळे.

दोन हातांच्या बॅकहँडमधली पहिली चूक गल्ली क्रिकेटमधून येते. उजव्या हातानं बॅटिंग करणारं पोरगं रॅकेटही बॅटसारखी धरतं: डावा हात मुठीच्या टोकाला, उजवा त्याच्या वर. टेनिसला नेमकं उलट लागतं. उजवा टोकाला, डावा वर, म्हणजे डावखुऱ्या बॅट्समनची पकड. असं सांगितलं की बेळगावच्या पोरांना लगेच कळतं.

पकड सुधारली तरी जोर उजव्याच हातानं लावायची सवय राहते आणि चेंडू नेटमध्ये जातो. हा फटका मुळात डाव्या हाताचा फोरहँड (हाताच्याच बाजूला आलेल्या चेंडूला मारायचा फटका) आहे, उजवा फक्त सोबतीला. म्हणून रोज पन्नास चेंडू नुसत्या डाव्या हातानं भिंतीवर मारा, मूठ थोडी वर धरून. सुरुवातीला चेंडू कंपाउंडबाहेर जातील, जाऊ द्या. हा कंटाळवाणा सराव मी कुणालाच माफ करत नाही.

एका हाताच्या बॅकहँडमध्ये खरा घोटाळा वेळेचा. चेंडू पुढच्या पायाच्याही वीतभर पुढे लागायला हवा. तो अंगाजवळ आला की कोपर वाकतं, मनगट मोडतं आणि धक्का कोपराच्या बाहेरच्या बाजूला बसतो. टेनिस एल्बो असाच मागे लागतो. फोरहँडच्याच ग्रिपनं बॅकहँड मारणाऱ्यांचं तर हमखास असं होतं. डाव्या हातानं रॅकेटचा गळा धरून खांदा वळवा, त्याच हालचालीत ग्रिप बदला. फटका मारताना डावा हात मागे जाऊ द्या, म्हणजे छाती लवकर उघडणार नाही.

खांद्याएवढा उसळलेला चेंडू ही एका हाताची जुनी दुखरी जागा. नदालनं फेडररला पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये वर्षानुवर्षं तिथंच गाठलं. फेडररनं 2014 मध्ये 90 ऐवजी 97 चौरस इंच जाळीची मोठी रॅकेट घेतली आणि 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलमध्ये नदालचे तेच चेंडू उसळताउसळता लवकर घेऊन मारले. तुम्हीही एकतर पुढे सरका, नाहीतर दोन पावलं मागे जा. अधेमधे उभं राहून हात वर ताणू नका.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड मारणारा कुणीच उरला नव्हता. 1973 मध्ये एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं. तेव्हा काही पालक घाबरून आले. पुढच्या वर्षी इटलीचा मुसेट्टी एकाच हातानं तिथं पोहोचला. लहान वयात ताकद कमी असते, म्हणून मी दोन हातांनीच सुरुवात करतो. पण अमेरिकेचा माजी अव्वल खेळाडू सॅम्प्रासनं चौदाव्या वर्षाच्या आसपास दोन हात सोडून एक धरला, हेही सांगतो.

दोन हातांनी खेळणाऱ्यांनी एका हाताचा स्लाइस (चेंडू खालून कापत मारायचा फटका) टाळू नये. लांबच्या चेंडूला दुसरा हात पोहोचतच नाही. आपल्या पावसाळ्यात तर तो लागतोच. ओलावलेला चेंडू जड होतो, कोर्टावर उसळत नाही, पिंडरीच्या उंचीवर राहतो. अशा वेळी गुडघे वाकवा, मनगट घट्ट ठेवा आणि चेंडूच्या खालून रॅकेट पुढे सरकवा.